मोडी वळण आणि मोडी ठसा

कांहीं अक्षरें उभीं असतात, कांहीं धांवतात. शिलालेखांतील, पोथींतील व छापील पुस्तकांतील अक्षरें उभीं. वाचणारानें जवळ यावें, थांबावें व वाचावें म्हणून तीं स्वस्थ असतात. कचेरींतील, पेढीवरील आणि घरच्या पत्रांतील अक्षरें धांवतीं. लिहिणाराला घाई असते, व त्या घाईचें रूप त्याच्या अक्षरांत उतरतें. आपल्या महाराष्ट्रांत पहिल्या तऱ्हेला बाळबोध व दुसरीला मोडी अशीं नांवें मिळालीं. धांवत्या हस्ताक्षराचा नाजूक डौल छापील ठशांत आणतां येतो काय, आणला तर तो कोठें शोभतो व कोठें शोभत नाहीं, आणि मुख्य म्हणजे त्याचा आपणांस उपयोग काय, हा या लेखाचा विषय आहे. वरवर पाहतां हा विषय छापखानेवाल्यांचा वाटेल. परंतु लोहारा व आसपासच्या गांवांत ज्या घरीं माळ्यावर किंवा जुन्या पेटींत पूर्वजांचे कागद पडून असतील, त्या घरांशीं त्याचा निकट संबंध आहे, हें पुढील विवेचनावरून दिसून येईल.

प्रथम मोडीचें रूप पाहूं. बाळबोध लिहितांना आपण आधीं अक्षरें काढतों आणि शब्द पुरा झाल्यावर त्याच्या डोक्यावर रेघ ओढतों. मोडींत हा क्रम उलटा आहे. लेखक कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आधीं सलग रेघा आंखून घेई, आणि मग दोरीवर धुणें वाळत घालावें तशीं अक्षरें त्या रेघेखालीं लटकवीत जाई. एक शब्द कोठें संपला व दुसरा कोठें सुरू झाला हें दाखविणारी मोकळी जागा बहुधा नसे. वाक्य संपल्याची खूणहि नसे. लेखणी होतां होईल तों उचलावयाची नाहीं, हा मोडीचा मूलमंत्र होय. म्हणून बाळबोधींतील कोन जाऊन तेथें गोलाई आली. काना पुष्कळदां खालून वर नेऊन रेघेस मिळविला जातो, म्हणजे हात आपोआप पुढच्या अक्षराच्या आरंभाशीं येऊन पोहोंचतो. अशा रीतीनें बाळबोध अक्षर मोडून लिहिलें म्हणून ती मोडी, अशी या नांवाची उपपत्ति सामान्यतः सांगतात.

मोडीचा दुसरा विशेष असा कीं, ह्रस्व व दीर्घ इकाराला तींत एकच वेलांटी आहे, आणि ह्रस्व व दीर्घ उकारालाहि एकच चिन्ह आहे. शुद्धलेखनाच्या तासाला कंटाळलेल्या विद्यार्थ्यांस ही गोष्ट फार आवडेल. परंतु ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ यांतील भेद मग वाचणारानें संदर्भावरूनच ओळखावयाचा असतो, हेंहि त्यांनीं ध्यानांत ठेवावें. लिहिणाराचे जे श्रम वांचले ते वाचणाराच्या डोक्यावर बसले, असाच हा व्यवहार आहे. उत्तर हिंदुस्थानांतील व्यापाऱ्यांच्या महाजनी लिपींत तर स्वरचिन्हेंहि गाळण्याची चाल होती. ‘काकाजी अजमेर गये’ असें पत्र पेढीवर आलें, तें मुनिमानें ‘काकाजी आज मर गये’ असें वाचलें, आणि घरांत रडारड सुरू झाली, ही गोष्ट पुष्कळांनीं ऐकली असेल. मोडी इतकी निर्दय नाहीं; ती काना, मात्रा, वेलांटी लिहिते. तथापि घाईनें लिहिलेल्या मोडींत एक अक्षर दुसऱ्यासारखें भासूं लागतें, व सराव नसेल तर चांगल्या सुशिक्षित माणसाचीहि गति खुंटते.

या लिपीचा प्रसार देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि ऊर्फ हेमाडपंत यानें तेराव्या शतकांत केला, अशी परंपरा आहे. शिवकालीं राज्याचा पत्रव्यवहार तींतच चाले, आणि पेशवाईंत तर तिच्या वळणांना कळा चढली. चिटणिसी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी अशीं त्या वळणांचीं नांवें आजहि जाणकार सांगतात. आज टाइपांस जशीं निरनिराळीं नांवें असतात तशींच हीं होत. फरक एवढाच कीं, तें वळण खिळ्यांत नसून माणसाच्या मनगटांत असे. बोरूची लेखणी तिरपी कापलेली, शाई काळीभोर, आणि ओली शाई टिपण्यासाठीं वर भुरभुरलेली बारीक वाळू, एवढें साहित्य पुरे होई. बोरूच्या तिरप्या टोंकामुळें रेघ वळतांना आपोआप जाड व बारीक होते. मोडीचा सारा नाजूकपणा या जाड-बारकाईंत आहे. मुलें पंतोजीजवळ कित्ता गिरवून तें वळण उचलीत. ‘कित्ता’ या शब्दाला पुढें ‘अनुकरणीय उदाहरण’ असा अर्थ आला, तो या अक्षरांच्या शाळेंतूनच.

समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेसच वाहिला आहे. बाळबोध अक्षर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारखें असावें, असा त्यांचा आग्रह आहे. म्हणजे महाराष्ट्रांत मुद्रणयंत्र रूढ होण्याच्या कितीतरी आधीं, ज्याला आज आपण छाप्यासारखें अक्षर म्हणूं तें काढणें हा लेखकाचा आदर्श होता. पुढें यंत्र आलें तेव्हां उलट झालें. हातासारखें छापणें ही यंत्रावर काम करणाऱ्या कारागिराची महत्त्वाकांक्षा झाली!

ही महत्त्वाकांक्षा युरोपांत फार जुनी आहे. १५०१ सालीं व्हेनिस येथील आल्डस मानुशियस या मुद्रकानें, तेथील विद्वानांच्या तिरप्या हस्ताक्षरावरून कोरविलेल्या ठशांत व्हर्जिल कवीचे ग्रंथ छापले. इंग्रजी पुस्तकांतील तिरपीं ‘इटालिक’ अक्षरें आपण पाहतों, त्यांचा उगम येथें आहे. १५५७ सालीं फ्रान्समधील लियों शहरीं रोबेर ग्रांजों यानें फ्रेंच लोकांच्या रोजच्या धांवत्या हस्ताक्षराचे ठसे तयार केले. इरॅस्मस या प्रसिद्ध पंडिताचें मुलांच्या शिष्टाचारावरील पुस्तक फ्रेंच भाषेंत अशा ठशांत छापलें गेलें, आणि त्या पुस्तकावरून ठशांनाच ‘सिव्हिलिते’, म्हणजे शिष्टाचार, हें नांव पडलें. त्यापुढें कित्येक पिढ्या मुलें अशा पुस्तकांतून दोन धडे एकदम घेत : चारचौघांत कसें वागावें हा एक, आणि हातचें लिखाण कसें वाचावें हा दुसरा. छापील साधीं अक्षरें ओळखणाऱ्या मुलाला वडिलांचें पत्र वाचतां येईलच असा नेम नाहीं. मध्यें एक पूल लागतो. हस्ताक्षरी ठसा हा तो पूल होय. या ठशाचे शोभेचे उपयोग पुष्कळ आहेत. परंतु हा उपयोग आम्हांस सर्वांत थोर वाटतो, आणि मोडीच्या बाबतींत तर त्याचीच आज गरज आहे.

असा ठसा पाडणें मात्र सोपें नसे. शिशाचा टाइप करतांना प्रथम पोलादाच्या कांबीवर अक्षर उलटें कोरीत. ती कांब तांब्याच्या तुकड्यावर ठोकून सांचा करीत. आणि त्या सांच्यांत तापलेलें शिसें ओतून खिळे पाडीत. हे खिळे जुळारी एकापुढें एक लावून ओळ तयार करी. आतां येथें अडचण पाहा. हातानें लिहिलेलें अक्षर शेजार पाहून आपलें रूप बदलतें. पुढें काय येणार हें हाताला ठाऊक असतें, म्हणून तो शेंपूट कोठें लांबवितो, कोठें आंखडतो. खिळ्याला शेजार कळत नाहीं. तो ज्या रूपांत ओतला गेला त्याच रूपांत प्रत्येक ठिकाणीं उभा राहतो. शिवाय प्रत्येक खिळा चौकोनी ठोकळा असल्यामुळें एका अक्षराची जोडरेघ ठोकळ्याच्या कडेपर्यंत अचूक यावी लागते व दुसऱ्याची तेथूनच उचलावी लागते. केसभर चूक झाली कीं ओळींत फट पडते. आणि रेघ जितकी नाजूक, तितकी ती यंत्राच्या दाबाखालीं लवकर झिजते. म्हणून हस्ताक्षरी ठसा करणाऱ्या कारागिरास एकाच अक्षराचे अनेक खिळे पाडावे लागत, अथवा हस्ताक्षराचा वेग सोडून केवळ त्याची आकृति ठेवावी लागे.

मोडीचे ठसे पाडण्याचें काम महाराष्ट्रांत आरंभ न होतां बंगाल्यांत झालें, हें वाचून कित्येकांस नवल वाटेल. कलकत्त्याजवळ श्रीरामपूर येथें, त्या काळीं डेन्मार्कच्या अमलाखालीं असलेल्या वसाहतींत, डॉ. विल्यम केरी व त्यांचे सहकारी मिशनरी यांनीं १८०० सालीं छापखाना उघडला. पंचानन कर्मकार हा बंगाली कारागीर व त्याच्यामागून त्याचा जांवई मनोहर यांनीं तेथें अनेक देशी लिप्यांचे ठसे कोरले. डॉ. केरी हे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत बंगाली, संस्कृत व मराठी या भाषा शिकवीत. मराठीच्या कामीं त्यांस वैजनाथ पंडितांचें साहाय्य होतें. त्यांचें १८०५ सालचें मराठी व्याकरण देवनागरी ठशांत निघालें. परंतु मराठी माणूस आपला रोजचा व्यवहार मोडींत करतो, हें ते जाणून होते. १८१० सालीं त्यांचा मराठी कोश प्रसिद्ध झाला, तो मोडी ठशांत. १८१४ सालीं ‘सिंहासन बत्तिशी’ व १८१६ सालीं राजा प्रतापादित्याचें चरित्र हींहि तेथून मोडींत बाहेर पडलीं. ख्रिस्ती शास्त्राचे भागहि तेथें या अक्षरांत छापण्यांत आले. लोकांच्या हातच्या अक्षरांत त्यांच्यापुढें पुस्तक ठेवावें, असा त्यांतील हेतु होता.

मध्यंतरीं ११ मार्च १८१२ रोजीं त्या छापखान्याला भयंकर आग लागली. कागद, हस्तलिखितें व कित्येक लिप्यांचे ठसे यांची राख झाली. परंतु पोलादी कांबी व सांचे यांपैकीं पुष्कळ वांचले; वितळलेलें शिसें गोळा करून थोड्याच महिन्यांत नवे खिळे ओतण्यास सुरुवात झाली. या प्रसंगांत शिकण्याजोगें एक तत्त्व आहे. छापलेला कागद जळाला तर दुसरा छापतां येतो, खिळा वितळला तर दुसरा ओततां येतो. परंतु हातानें लिहिलेला एकुलता एक कागद जळाला म्हणजे तो कायमचा गेला. मोडींतील बहुतेक सर्व वाङ्मय या दुसऱ्या प्रकारचें आहे. हें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याची गरज पडेल.

श्रीरामपूरच्या मोडी ठशांचा वंश फार वाढला नाहीं. याचीं कारणें दोन. पहिलें असें कीं, शिळाछाप आला. बव्हेरियांतील सेनेफेल्डर यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस ही युक्ति शोधून काढली. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईनें लिहावें, दगड ओला करावा, मग छापण्याची शाई फिरवावी. शाई लिहिलेल्या जागीं धरते व ओल्या जागीं धरत नाहीं. या पद्धतींत खिळेच लागत नाहींत. कारकुनाचें वळण जसेंच्या तसें कागदावर उमटतें. मुंबईस गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं शिळाछापावर मराठी पंचांग काढलें, तें प्रसिद्ध आहे. मोडीचे कित्ते व वाचनपुस्तकें यांसहि शिळाछापच सोयीचा पडला. दुसरें कारण असें कीं, ग्रंथ व वर्तमानपत्रें वाचण्यास लोकांना उभें, स्वच्छ, शब्दाशब्दांत अंतर ठेवणारें बाळबोध अक्षरच सुखाचें वाटलें. लिहिण्यास मोडी व वाचण्यास बाळबोध, अशी कामाची वांटणी झाली. आणि जसजसें लिहिण्यापेक्षां वाचणें वाढलें तसतशी मोडी मागें पडली.

१९१७ सालीं मुंबई सरकारनें कारभारांत मोडीऐवजीं बाळबोध वापरण्याचें ठरविलें. शाळांतून मोडी त्यानंतरहि कांहीं दशकें शिकविली जात होती. १९५० नंतर ती हळूहळू बंद पडली. आपला लोहारा भाग मात्र त्या काळीं मुंबई सरकारच्या हद्दींत नव्हता. तो हैदराबादच्या निजामाच्या राज्यांत होता. सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत सामील झालें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, आणि १९६० पासून तो महाराष्ट्रांत आहे. निजामी अमलांत वरिष्ठ कचेऱ्यांचा कारभार आधीं फारसींत व पुढें उर्दूंत चाले. गांवच्या पायरीवर कुळकर्ण्याचें दप्तर मात्र मराठी, आणि तें मोडींत. म्हणून आपल्या धाराशिव जिल्ह्यांतील जुन्या कागदांत कोठें उर्दू, कोठें मोडी, आणि कोठें एकाच कागदावर दोन्ही, असा प्रकार आढळतो. या दोन्ही लिप्या धांवत्या, दोन्ही नाजूक, आणि दोन्ही वाचणारीं माणसें गांवोगांव कमी कमी होत गेलीं.

उर्दूच्या नस्तालीक वळणाची हकीकत येथें थोडक्यांत सांगण्याजोगी आहे, कारण मोडीची वाट तिनेंच आधीं दाखविली. नस्तालीक अक्षरें ओळीवर सरळ न बसतां वरून खालीं तिरपीं उतरतात, म्हणून त्यांचे खिळे कधीं मनासारखे साधले नाहींत. उर्दू वर्तमानपत्रें कातिब हातानें लिहीत, व त्या लिखाणावरून तीं छापलीं जात. १९८१ सालीं पाकिस्तानांतील मिर्झा अहमद जमील या सुलेखनकारांनीं हजारों अक्षरसमूह हातानें लिहून ते यंत्रांत भरविले, आणि ‘नूरी नस्तालीक’ हा ठसा सिद्ध झाला. यंत्रानें हाताला शरण जावें लागलें, तेव्हां कोठें हाताचें सौंदर्य यंत्रांत उतरलें.

मोडीचा पुनर्जन्महि संगणकामुळेंच झाला. संगणकांत प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो, व जगांतील सर्व लिप्यांचे क्रमांक ‘युनिकोड’ नांवाच्या एका सामाईक कोष्टकांत नोंदलेले असतात. ज्या लिपीला त्यांत जागा नाहीं ती संगणकाच्या जगांत मुकी. २०१४ सालीं युनिकोडच्या सातव्या आवृत्तींत मोडीला जागा मिळाली. स्वर, व्यंजनें, चिन्हें व आंकडे मिळून ७९ अक्षरचिन्हें नोंदलीं गेलीं. त्यानंतर मोडीचे संगणकी टाइप, ज्यांस सर्वजण ‘फॉन्ट’ म्हणतात, तयार झाले. गूगल कंपनीच्या ‘नोटो’ मालेंतहि एक मोडी फॉन्ट आहे. संगणकी टाइपास शिशाचा ठोकळा नाहीं. एका अक्षराचीं अनेक रूपें व तीं केव्हां वापरावीं याचे नियम त्यांत भरून ठेवतां येतात. जें शिशाच्या खिळ्याला कधीं जमलें नाहीं, तें आतां साधतें : खिळा शेजार पाहूं लागला आहे.

आतां अशा नाजूक हस्ताक्षरी टाइपाचा वापर कसा करावा, याविषयीं कांहीं सूचना करतों. आपल्या विद्यार्थ्यांस भित्तिपत्रकें, निमंत्रणें व संमेलनाचे फलक करावे लागतात. त्यांस त्या उपयोगी पडतील. मोडी, तसेंच इंग्रजी लग्नपत्रिकेवरील वेलबुट्टीसारखीं अक्षरें, किंवा अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ यासारखा देवनागरी हस्ताक्षरी टाइप, या सर्वांस त्या थोड्याफार लागू आहेत. पहिली गोष्ट, मजकूर थोडा असावा : एखादें नांव, एखादें शीर्षक, एखादी स्वागताची ओळ. लाडू गोड म्हणून पंगतींत केवळ लाडूच वाढूं नयेत. दुसरी, आकार मोठा असावा. बारीक रेघा लहान आकारांत नाहींशा होतात. तिसरी, अक्षरांमध्यें अंतर वाढवूं नये. तसें केल्यानें जोडरेघा तुटतात, आणि वळणदार शब्दाचे सुटे तुकडे होतात. इंग्रजी असेल तर सगळीं मोठीं लिपीचीं अक्षरें ओळीनें घालूं नयेत. तीं एकमेकांच्या पायांत अडखळतात. चौथी, कागद गुळगुळीत व रंग गडद असावा. खरबरीत कागदावर किंवा काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघा लवकर बुजतात. पांचवी, खालीं तोच मजकूर साध्या बाळबोध टाइपांत असावा, म्हणजे शोभाहि राहते व वाचणाराची अडवणूकहि होत नाहीं. आणि शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची : जेथें चुकीचें वाचल्यास हानि होईल, तेथें हें अक्षर मुळींच वापरूं नये. औषधाची सूचना, प्रश्नपत्रिका, रस्त्यावरील धोक्याची पाटी या जागा उभ्या अक्षरांच्या आहेत. मोडीपासून स्फूर्ति घेऊन नवें सुलेखन करणारे अच्युत पालव यांच्यासारखे कलावंत मोडीचें वळण चित्राप्रमाणें मोठ्या फलकावर मांडतात, त्यांतील मर्म हेंच आहे.

परंतु शोभा ही या विषयाची एक बाजू झाली. दुसरी बाजू आपल्या घरांतील आहे. २०२३ सालीं महाराष्ट्र सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. मराठवाड्यांतील निजामकालीन कागदपत्रांत कुणबी जातीच्या नोंदी शोधणें हें तिचें काम होतें. त्या निमित्तानें तालुक्यातालुक्यांतील जुनीं दप्तरें उघडलीं गेलीं, आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. त्या प्रश्नाच्या राजकीय बाजूशीं या लेखास कर्तव्य नाहीं. परंतु एका मोडी शब्दाच्या वाचनावर एखाद्या विद्यार्थ्याचा दाखला अवलंबून असूं शकतो, ही गोष्ट त्या वेळीं सर्वांस प्रत्यक्ष दिसली. शेताची वांटणी, विहिरीच्या पाण्याचा हक्क, गहाणखत, कर्जाची फेड, देवस्थानाचें इनाम, यांचे कागद याच लिपींत आहेत. ज्याला तें वाचतां येत नाहीं त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावें लागतें. आणि तो दुसरा प्रामाणिक असला तरी चुकूं शकतो.

येथें मोडीच्या ठशाची खरी योग्यता कळते, व त्याची मर्यादाहि कळते. तुमच्या पेटींतील कागद कोणत्याहि ठशांत छापलेला नाहीं. तो कोणा एका कारकुनानें, आपल्या मनगटाच्या वळणानें, कदाचित् दिवसाच्या शेवटीं घाईनें लिहिलेला आहे. ठशांतील ‘क’ नेहमीं तोच असतो. कारकुनाचा ‘क’ दर ओळींत थोडा निराळा असतो. म्हणून केवळ फॉन्टवरून मोडी शिकलेला विद्यार्थी पहिल्या जुन्या कागदापाशींच अडखळेल. तथापि फॉन्ट नसेल तर तो त्या कागदापर्यंत पोहोंचणारच नाहीं. आधीं ठशांतील स्थिर अक्षर ओळखावें. मग शिळाछापाचा कित्ता वाचावा. मग खरा कागद हातीं घ्यावा. फ्रेंच मुलांना सिव्हिलिते ठशानें जो पूल दिला तो आपल्या मुलांना मोडी फॉन्टनें मिळेल. पूल म्हणजे मुक्काम नव्हे, एवढें लक्षांत असलें म्हणजे झालें. संगणकाला मोडी वाचण्यास शिकविण्याचे प्रयत्नहि चालू आहेत. रुडकी येथील आय. आय. टी. च्या संशोधकांनीं २०२५ सालीं मोडी कागदांच्या दोन हजारांवर प्रतिमा व त्यांचें देवनागरी रूप एकत्र करून अशा शिक्षणासाठीं संग्रह प्रसिद्ध केला. परंतु यंत्रालाहि आधीं कोणी माणसानेंच वाचून दाखवावें लागतें.

वाचण्यास बसल्यावर अक्षरांखेरीज कालगणनेची माहिती हवी. शक आढळल्यास त्यांत ७८ मिळवावे, म्हणजे इसवी सन सुमारें निघतो. निजामी कागदांत फसली सन असतो; त्यांत ५९० मिळवावे. उदाहरणार्थ, फसली १३४० म्हणजे इसवी सन १९३०-३१. मराठेशाहींतील कागदांत शुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो; ‘मया व अलफ’ हे शब्द दिसले म्हणजे शंभर व हजार असें समजावें. ‘छ’ हें अक्षर मुसलमानी महिन्याच्या तारखेमागें येतें व तें चंद्राची खूण आहे; ‘मु॥’ म्हणजे मुक्काम; आणि ‘मोर्तब सुद’ दिसलें म्हणजे कागद शिक्का होऊन पुरा झाला. इतकी सामग्री असली म्हणजे बंद दाराची अर्धी कडी निघाली.

आणखी एक विनंती पालकांस आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपांत किल्लारी, सास्तूर व भोंवतालच्या गांवांतील दगडमातीचीं घरें कोसळलीं. मनुष्यहानि इतकी मोठी होती कीं, त्यापुढें कागदांची आठवण कोणाला व्हावी? परंतु घरें गेलीं तेव्हां घरांतील पेट्याहि गेल्या. जे कागद उरले आहेत ते आतां जपले पाहिजेत. ओलीपासून व वाळवीपासून ते दूर ठेवावे, स्वच्छ सुती रुमालांत बांधावे. फाटलेल्या जागीं चिकटपट्टी लावूं नये, व दुकानांत नेऊन त्यांवर प्लास्टिकचें कायमचें आवरण चढवूं नये. त्यानें कागद सुरक्षित वाटतो, परंतु पुढें त्याची नीट दुरुस्ती करतां येत नाहीं. दिवसाच्या उजेडांत, सावलींत ठेवून प्रत्येक पानाचें दोन्ही बाजूंनीं छायाचित्र मोबाइलवर घ्यावें व तें दोन ठिकाणीं ठेवावें. श्रीरामपूरच्या आगींत सांचे वांचले म्हणून पुस्तकें पुन्हां छापतां आलीं. आपल्या कागदांना सांचा नाहीं. छायाचित्र हाच त्यांचा सांचा.

विद्यार्थ्यांनो, मोडी शिकण्यास फार वेळ लागत नाहीं. बाळबोध तुम्हांस येतेंच; मोडी ही तिचीच धांवणारी बहीण आहे. महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख संचालनालयातर्फें मोडीचे वर्ग चालविले जातात, व त्या खात्याचें एक कार्यालय छत्रपति संभाजीनगर येथें आहे. तोंपर्यंत सुटींत रोज अर्धा तास द्यावा. पहिल्या दिवशीं वहींत एक सलग रेघ ओढा आणि तिच्याखालीं आपलें नांव मोडींत लिहा. दुसऱ्या दिवशीं आपल्या गांवाचें, तिसऱ्या दिवशीं आजोबा-पणजोबांचें. मग घरांतील एखादा जुना कागद वडीलधाऱ्यांच्या परवानगीनें उघडून तींच नांवें त्यांत कोठें दिसतात काय, तें पाहा. सारा कागद एकदम वाचण्याचा हव्यास धरूं नका. एक नांव ओळखलें कीं त्याच्या शेजारचा शब्द उलगडतो, आणि त्या शब्दावरून पुढची ओळ.

ज्या अक्षरांत आपल्या पूर्वजांनीं देणें-घेणें केलें, शब्द दिले व पाळले, तीं अक्षरें परक्याकडून वाचून घ्यावीं लागावीं, ही गोष्ट भूषणाची नाहीं. बोरू गेला, शिसें गेलें, शिळा गेली. वळण अजून शिल्लक आहे. तें शोभेसाठीं वापरण्याची कला अवश्य शिका. पण त्याहून अगत्याची गोष्ट ही कीं, घरची पेटी उघडली जाईल तेव्हां तींतील कागद वाचणारा घरचाच कोणी असावा.